एम्प्रेस गार्डनमधील अनवट गाणारे पक्षी: हंगाम 2024-25 च्या प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर 2024, रविवार

आज प्रकल्पाची पहिली फेरी झाली. पुण्यात रेसकोर्सजवळ असलेले एम्प्रेस गार्डन हे सुमारे 39 एकरांचे जुने उद्यान ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेकडे आहे. तेथील उंच वृक्ष, त्यांना विळखे घालत वर गेलेल्या महावेली आणि वाहता ओढा यांमुळे भर शहरात दाट सावलीचा एक तुकडा टिकून राहिला आहे. हिवाळी पाहुणे आणि वाटसरू पक्षी या तुकड्याचा नेमका कसा उपयोग करतात, हे आम्हाला एका हंगामापुरते बारकाईने पाहायचे आहे. दयाळ, शिंपी, सुभग, नाचण हे येथले कायमचे रहिवासी आहेत आणि त्यांचीही गणती होईल. मात्र लक्ष राहील ते दहा फेऱ्यांत एखाद-दुसऱ्या वेळीच भेटणाऱ्या पक्ष्यांकडे.

आम्ही तिघे आहोत. एक ताई गेली वीस वर्षे पक्षिनिरीक्षण करीत आहेत, एक महाविद्यालयीन विद्यार्थी आहे, ज्याचे कान आम्हा दोघांपेक्षा पुष्कळ तीक्ष्ण आहेत, आणि नोंदी लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. पद्धतीबद्दल आज बराच वेळ चर्चा झाली. बागेत हिंडत राहिल्यास जास्त पक्षी दिसतील असे विद्यार्थ्याचे म्हणणे होते, तर सावलीत वावरणारे लाजरे पक्षी चालत्या माणसाला दिसतच नाहीत असे ताईंचे. शेवटी तीन ठाणी ठरली. पहिले ओढ्याकाठी, दुसरे बांबूच्या बेटाजवळ आणि तिसरे एका जुन्या वडाखाली. प्रत्येक ठाण्यावर 25 मिनिटे न बोलता बसायचे आणि मगच पुढे सरकायचे. पक्ष्याच्या नावाबरोबर वेळ, जमिनीपासूनची अंदाजे उंची, तो काय करीत होता आणि तो दिसला की केवळ ऐकू आला, हे लिहायचे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर पूर्ण यादी भरायची, म्हणजे कावळा आणि पारवासुद्धा गाळायचा नाही. नुसत्या अनवट पक्ष्यांची यादी भरली, तर ते पक्षी किती फेऱ्यांत दिसले नाहीत हे नंतर कोणालाच कळत नाही.

दुर्बिणी तिघांच्याही आठ पट विस्ताराच्या, 42 मिलिमीटर भिंगाच्या आहेत. या बागेत दहा पटींचा मोह टाळलेला बरा, कारण झाडांखालच्या अंधूक उजेडात आठ पटींची दुर्बीण अधिक उजळ चित्र देते आणि तिच्यात मावणारा परिसरही मोठा असतो.

20 ऑक्टोबर 2024, रविवार

पाहुण्यांची आवक सुरू झाली आहे. ओढ्यात करडा धोबी दगडांवरून शेपटी वरखाली हलवीत फिरत होता. हिरवट पर्ण वटवट्या किमान चार ठिकाणी ऐकू आला. त्याची दोन तुकड्यांतली ‘च्-वी’ अशी हाक एकदा कानात बसली की हिवाळाभर पाठ सोडत नाही. लाल छातीची लिटकुरी यंदा प्रथमच दिसली. (माशीमार हे नाव आता सर्वत्र चालते, पण लिटकुरी हा मराठी शब्द मला अधिक जवळचा वाटतो, म्हणून या नोंदींत तोच वापरीत आहे.)

वडाखाली स्वर्गीय नर्तकाचा एक तांबूस पक्षी आला. त्याला लांब शेपूट नव्हती, त्यामुळे तो मादी किंवा कोवळा नर असावा. पांढराशुभ्र रंग आणि रिबिनीसारखी शेपूट हे रूप नराला पहिल्या वर्षात मिळत नाही, त्यासाठी त्याला काही वर्षे वाढावे लागते. मध्य प्रदेशाने याच पक्ष्याला दूधराज या नावाने राज्यपक्षी केले आहे. तेथील चित्रांत नेहमी पांढरा नर असल्यामुळे नवखे निरीक्षक तांबूस पक्ष्याला वेगळीच जात समजतात, हे मी पूर्वी अनेकदा पाहिले आहे.

एक नियम आज पक्का केला. मर्लिन ॲपने आवाजावरून सुचवलेले नाव म्हणजे केवळ सूचना समजायची. आवाज ज्या दिशेने आला तिकडे पाहायचे, ऐकायचे, आणि खात्री पटल्याशिवाय यादीत काहीही लिहायचे नाही.

3 नोव्हेंबर 2024, रविवार

भाऊबीज. फटाक्यांचा धूर अजून हवेत होता. फेरी पूर्ण केली, पण विशेष काही आढळले नाही. तरीही यादी भरली.

10 नोव्हेंबर 2024, रविवार

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन. आजचा दिवस त्या सप्ताहाला शोभेल असाच गेला.

ओढ्याकाठच्या ठाण्यावर बसून अठरा मिनिटे झाली होती आणि तोपर्यंत टिपणवहीत फक्त सातभाईंचा थवा आणि दोन खारी होत्या. समोर पाचोळ्याचा जाड थर पडलेला आहे आणि त्यावर वरच्या पानांतून गळलेल्या उन्हाचे कवडसे हलत असतात. त्यांतलाच एक कवडसा चालू लागला आहे असे मला वाटले. दुर्बीण लावल्यावर शेवाळी-तपकिरी पाठीचा, चिमणीपेक्षा लांबट, उंच पायांचा पक्षी दिसला. पांढुरक्या छातीवर दोन काळे पट्टे होते, वरचा अखंड आणि खालचा मध्ये तुटलेला. पंखांवर काळ्या आणि फिकट पिवळसर आडव्या पट्ट्या होत्या. ठेवण धोब्याची होती, पण शेपूट वरखाली न हलता डावी-उजवीकडे झुलत होती, आणि ती झुलताना शरीराचा मागचा भागही लयीत हलत होता. एवढ्यावर ओळख पटली. तो रानधोबी होता.

इतर धोबी उघड्यावर, पाण्याच्या कडेला, मैदानावर दिसतात. रानधोबी मात्र झाडीतल्या पायवाटेवर आणि पाचोळ्यात चालत चालत किडे टिपतो आणि दचकला की जमिनीवर दूर न पळता सरळ फांदीवर जाऊन बसतो. पूर्व आशियातील जंगलांत तो वीण करतो आणि हिवाळ्यात सह्याद्रीच्या झाडीत उतरतो. पुणे शहरात तो वाटेवरचा मुक्कामी म्हणूनच भेटतो. लिटकुऱ्या, वटवटे, कस्तूर यांच्याप्रमाणे रात्री उडणारे प्रवासी पहाटे जमीन दिसू लागली की खाली येतात. चारी बाजूंना सिमेंट असेल, तर सावलीचा असा तुकडा त्यांच्या दृष्टीने किती महत्त्वाचा असेल याची कल्पना आज प्रत्यक्ष करता आली.

पक्षी नऊ मिनिटे समोर होता आणि त्या सबंध वेळात त्याने सुमारे पंधरा पावले लांबीचा पट्टा सोडला नाही. विद्यार्थ्याचा हा लायफर, म्हणजे आयुष्यातली या जातीची पहिली भेट. तो आनंदाने थरथरत होता, पण नियम पाळून एक शब्दही बोलला नाही, याची नोंद घेणे मला आवश्यक वाटते.

24 नोव्हेंबर 2024, रविवार

रानधोबी पुन्हा दिसला नाही. मागच्या रविवारीही नव्हता. तो पुढे गेला असे समजतो.

साडेनऊच्या सुमारास बांबूच्या बेटावरून मिश्र थवा गेला. अशा थव्यात प्रत्येकाचा मजला ठरलेला असतो. नाचण खालच्या फांद्यांतून शेपटीचा पंखा उघडझाप करीत किडे उठवीत होता, शिंपी आणि पर्ण वटवटे मधल्या पानांत होते, सुभग त्यांच्याही वर आणि सर्वांत उंच शेंड्यावर राखी कोतवाल बसलेला होता. गर्दी पुढे सरकल्यावरही आम्ही नजर न हलवता बसून राहिलो, आणि थव्याच्या शेपटाला एक लहानगी निळी लिटकुरी आली. टिकेलची निळी लिटकुरी येथे नेहमीचीच आहे, पण तिच्या गळ्यावर आणि छातीवर नारिंगी रंग असतो. या पक्ष्याचा गळा आणि पोट स्वच्छ पांढरे होते, छातीच्या दोन्ही बाजूंना गडद निळे ठसे होते आणि डोळ्यावर बारीक पांढरी भुवई होती. हिमालयात वीण करून हिवाळ्यात दक्षिणेकडे येणारी ही पांढऱ्या भुवईची निळी लिटकुरी, आणि तीही नर. इंग्रजी नावात तिला अल्ट्रामरीन म्हणतात. उंची सुमारे चार मीटर. दोन वेळा जमिनीवर उतरून किडा उचलून ती परत फांदीवर गेली.

याच जातीची मादी करड्या-तपकिरी रंगाची आणि अत्यंत साधी असते. तशी मादी आपल्यासमोरून गेली असती तर आपण तिला ओळखले असते का, असा प्रश्न ताईंनी उपस्थित केला. प्रामाणिक उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे. यापुढे साध्या दिसणाऱ्या प्रत्येक लिटकुरीची शेपूट, चोच आणि गळ्याच्या कडा पाहिल्याशिवाय तिला सोडायचे नाही, असे ठरले.

15 डिसेंबर 2024, रविवार

आजपर्यंतच्या टिपणांतील ‘उंची’ हा रकाना वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली. अनवट पक्ष्यांच्या ज्या नोंदी आम्हाला खात्रीशीर वाटतात, त्यांतील बहुतेक जमिनीवरच्या किंवा जमिनीलगतच्या आहेत, आणि ठाणे बहुतेक वेळा ओढ्याकाठचेच आहे. आमची नजर मात्र सवयीने वर, शेंड्यांकडे जाते.

त्यामुळे तुलनेसाठी माझ्या घराजवळची एक छोटी बाग घेतली आहे. तेथेही वड, पिंपळ, करंज आणि बांबू आहेत. पाण्याची गळती होणारा एक नळ आहे, त्यामुळे ओलही आहे. फरक एवढाच की तेथे जमीन दररोज सकाळी झाडून लख्ख केली जाते. पुढील चार महिने आठवड्यातून एकदा, कामाच्या दिवशी सकाळी, तेथे 25 मिनिटे एकाच बाकावर बसण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे. दोन बागांच्या आकारात फार अंतर आहे, आणि एवढ्या तुलनेवरून मोठा निष्कर्ष काढता येणार नाही, याची जाणीव आहे.

5 जानेवारी 2025, रविवार

आज ओढ्याकाठी नारिंगी डोक्याचा कस्तूर. प्रथम तो दिसला नाही, ऐकू आला, पण गाण्याने नव्हे. कोरडी पाने एकामागून एक उलटण्याचा स्पष्ट ‘खर्र-खर्र’ आवाज येत होता आणि तो सातभाईंच्या खटपटीपेक्षा सावकाश होता. सतराव्या मिनिटाला तो वेलीच्या बुंध्याआडून बाहेर आला. दोन उड्या मारायच्या, थांबायचे, मान किंचित कलती करायची, चोचीने पान बाजूला फेकायचे आणि खालचा किडा उचलायचा, असा त्याचा क्रम अकरा मिनिटे चालू होता.

या कस्तुराचे दोन प्रकार आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. आपल्या द्वीपकल्पातील उपजातीच्या पांढुरक्या चेहऱ्यावर, डोळ्याखाली आणि कानाजवळ, दोन गडद उभ्या पट्ट्या असतात. हिमालयातील उपजातीचा चेहरा मात्र सरसकट नारिंगी असतो आणि ती हिवाळ्यात सखल भागाकडे उतरते. आजच्या पक्ष्याच्या चेहऱ्यावर पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या, म्हणजे तो आपल्याकडचाच होता. तो निघून गेल्यावर आठ-दहा मिनिटांनी थोडा पलीकडे दुसरा पक्षी दिसला, पण त्याची पाठ आमच्याकडे होती. माथा आणि मान एकसारखी नारिंगी दिसली, आणि विद्यार्थ्याने लगेच हिमालयी उपजातीचे नाव घेतले. मी त्याच्याशी सहमत झालो नाही. पाठीमागून पाहिल्यास दोन्ही उपजातींचे डोके नारिंगीच दिसते, कारण पट्ट्या चेहऱ्याच्या बाजूला असतात, आणि या पक्ष्याने चेहरा एकदाही वळवला नाही. ई-बर्डवर उपजात न लिहिता केवळ जात लिहिली. त्याला वाईट वाटले हे मला समजले. माझ्याही मनात तो पक्षी दिवसभर पाठ करूनच बसलेला होता. परंतु पुढे ही नोंद वाचणाऱ्याला आमच्या इच्छेचा नव्हे, पाहिलेल्या गोष्टीचाच उपयोग होणार आहे.

छोट्या बागेत आजवर कस्तूर नाही. दयाळाची एक जोडी आहे. ती झाडलेल्या मातीवर उतरते, दोन-चार ठिकाणी चोच मारते आणि परत फांदीवर जाते.

12 जानेवारी 2025, रविवार

संक्रांत दोन दिवसांवर आहे. वडाच्या बाहेरच्या फांद्यांत अडकलेला नायलॉन मांजा बागेतील एका कामगाराच्या मदतीने आम्ही काढला. नीलांग एकच, उंच निष्पर्ण फांदीवर उघडा बसलेला.

26 जानेवारी 2025, रविवार

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास बागेत पुष्पप्रदर्शन भरते आणि पुणेकरांची मोठी गर्दी होते. त्यामुळे ठाण्यांवर बसणे शक्य नव्हते आणि फेरी घेतली नाही.

मारुती चितमपल्ली यांना पद्मश्री जाहीर झाल्याची बातमी काल आली. रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची, झाडांची नावे त्यांनी आयुष्यभर गोळा केली. आमच्या नोंदींत नावांचा गोंधळ आहे, कारण काही पक्ष्यांना पुण्यात एक, विदर्भात दुसरे आणि पुस्तकात तिसरे नाव आहे. या निमित्ताने आज घरी बसून आतापर्यंतच्या सर्व जातींपुढे आम्हाला माहीत असलेली मराठी नावे लिहून काढली आणि प्रत्येक नाव कोणाकडून ऐकले तेही नोंदवले.

16 फेब्रुवारी 2025, रविवार

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जागतिक पक्षिगणनेचे हे चार दिवस आहेत, 14 ते 17 फेब्रुवारी. आज आम्ही प्रत्येक ठाण्याची स्वतंत्र यादी भरली.

प्रथम एक चूक दुरुस्त करतो. मागच्या रविवारी बांबूच्या बेटाजवळ आम्ही स्वर्गीय नर्तकाची ‘फक्त ऐकला’ अशी नोंद केली होती. ‘च्वे-च्वे’ अशी त्याची कर्कश हाक तिघांनीही ऐकली होती आणि मर्लिननेही तेच नाव दाखवले होते. आज त्याच झाडातून तीच हाक आली, तिच्यामागे लगेच शिक्र्याची हाक आली, आणि त्याला जोडूनच कोतवालाची. शोधल्यावर पानांच्या रंगात मिसळून गेलेला हरेवा दिसला. हा पक्षी इतरांचे आवाज हुबेहूब उचलतो आणि एकाच बैठकीत पाच-सहा पक्ष्यांचे तुकडे गुंफतो. मागील नोंद यादीतून काढून टाकली. तिघांनी ऐकले आणि ॲपने दुजोरा दिला, तरी ती चूक ती चूकच राहिली. ऑक्टोबरमध्ये आपणच केलेला नियम आपण पाळला नव्हता.

दुसरी बाब समाधानाची आहे. वडाखाली लाल छातीच्या लिटकुरीसारखा एक पक्षी होता, पण त्याची हाक ताईंना खटकली. नेहमीची लिटकुरी सावकाश ‘ट्रर्रर्र’ करते, तर हा आवाज अधिक जलद आणि कोरडा होता, सुकी काडी कंगव्याच्या दात्यांवरून ओढावी तसा. काळ्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना पांढरे ठसे दोन्ही जातींत असतात. वेगळेपण शेपटीला वरून झाकणाऱ्या पिसांत आहे. तैगा लिटकुरीत ती शेपटीहूनही गडद, कोळशासारखी काळी असतात आणि तिची चोच पूर्ण काळी असते. लाल छातीच्या लिटकुरीची खालची चोच बुंध्याशी फिकट असते. पक्षी वारंवार पाठ वळवीत होता, आणि एरवी त्रासदायक ठरणारी ही सवय आज उपयोगी पडली. ताईंनी पाठीची तीन आणि चोचीचे एक छायाचित्र घेतले, विद्यार्थ्याने आवाज मुद्रित केला. तैगा लिटकुरी प्रामुख्याने देशाच्या पूर्व भागात हिवाळा काढते. आपल्याकडे ती अनवट आहे, त्यामुळे ई-बर्डने नोंद पडताळणीसाठी बाजूला काढली. चित्रे आणि ध्वनी पाहून-ऐकून स्वयंसेवी परीक्षकांनी ती स्वीकारल्याचे रात्री उशिरा समजले.

काटेसावरीला फुले येऊ लागली आहेत. त्यावर भोरड्यांची झुंबड आहे आणि त्यांच्या कलकलाटात बाकीचे आवाज वेगळे काढणे अवघड जाते.

30 मार्च 2025, रविवार

गुढीपाडवा. गाणाऱ्या पक्ष्यांचा प्रकल्प असूनही पाहुण्यांचे गाणे आज प्रथमच लिहीत आहे. हिवाळाभर हे पक्षी केवळ हाका देतात, कारण गाणे हे हद्द राखण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी असते आणि ते काम त्यांना येथे करायचे नसते. परतीच्या आधी मात्र त्यांच्यात गाण्याची चाहूल लागते. आज हिरवट पर्ण वटवट्या वडाच्या नव्या पालवीत हाकेऐवजी भरभर उतरणारी लहान तान घेत होता. एका झुडपात ब्लिथचा वेळू वटवट्या चोच जवळपास मिटलेली ठेवून, फार हळू आवाजात, स्वतःशीच पुटपुटल्यासारखे गात होता. पाच पावलांवरही ते नीट ऐकू येत नव्हते. विद्यार्थ्याने सांगितले नसते तर मी ते वाऱ्यावर सोडून दिले असते. दयाळाचे गाणे याच्या अगदी उलट होते. तो शेंड्यावर बसून सबंध बागेला ऐकू जाईल असा गात होता.

दुपारी छोट्या बागेतील माळीकाकांना भेटलो. साडेतीन महिन्यांच्या माझ्या बैठकांत तेथे एकही अनवट पक्षी जमिनीवर दिसला नाही, हे त्यांना वही दाखवून सांगितले. ते म्हणाले, “साहेब, पाला ठेवला की लोक तक्रार करतात. साप येईल म्हणतात, घाण दिसते म्हणतात. आम्हाला काय, झाडायचा त्रास तेवढाच कमी.” त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. मुले जेथे खेळतात तेथे जमीन स्वच्छ असलीच पाहिजे. मग आम्ही दोघे बागेला फेरी मारून आलो आणि कुंपणाच्या भिंतीला लागून, बांबूच्या मागे, जेथे कोणी बसत नाही असा सुमारे सहा पावले लांब आणि तीन पावले रुंद कोपरा त्यांनीच निवडला. बागेची व्यवस्था पाहणाऱ्यांची तोंडी परवानगी दोन दिवसांत मिळाली, तर वडाचा आणि करंजाचा गळणारा पाला यापुढे त्या कोपऱ्यात पसरला जाईल.

2 एप्रिल 2025, बुधवार

परवानगी मिळाली.

20 एप्रिल 2025, रविवार

उकाडा तीव्र. ओढ्याकाठी टिकेलची निळी लिटकुरी गात होती. पाहुण्यांपैकी एकही नाही. दहा वाजता थांबलो.

25 मे 2025, रविवार

यंदा मे महिन्यातच पावसाने जोर धरला आहे. सकाळी आभाळ भरलेले होते, पाचोळा भिजून काळा झाला होता आणि गांडुळे वर आली होती. फेरी रद्द करावी की काय असे वाटत होते, पण ताई ठाम राहिल्या.

ओढ्याकाठी सातव्या मिनिटाला नवरंग आला. या पक्ष्यासाठी घाई न करता लिहितो. मैनेपेक्षा लहान, गोलसर आणि जवळजवळ शेपूट नसल्यासारखा. पाठ हिरवी, डोळ्यांवरून मागे गेलेला रुंद काळा पट्टा, गळा पांढरा, छाती-पोट बदामी, आणि पोटाखाली शेपटीपर्यंत गेलेला कुंकवासारखा लाल रंग. खांद्यावर आणि कमरेवर चमकदार निळा ठसा होता, पण सावलीत तो दिसत नव्हता. पक्षी एका कवडशातून उडी मारून गेला तेव्हा क्षणभर झळकला. लांब पायांवर ताठ उभा राहायचा, दोन-तीन उड्या, मग आखूड शेपटीची सावकाश वरखाली हालचाल, मग पाने बाजूला फेकून ओल्या मातीत चोच. बावीस मिनिटांत त्याने किमान सहा गांडुळे ओढून काढली. थकलेल्या प्रवाशाने पोटभर जेवावे तसा तो खात होता.

नवरंग हिवाळा द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर विणीच्या जंगलांकडे निघतो. पुण्या-मुंबईत मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला तो अचानक बागांत, कधी इमारतींच्या जिन्यांतही सापडतो, त्याचे कारण हा प्रवास आहे. सकाळ-संध्याकाळी ठरलेल्या वेळी दोन सुरांची शीळ घालण्याच्या सवयीमुळे तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव आहे. आज त्याने शीळ घातली नाही.

शास्त्राच्या काटेकोर अर्थाने नवरंग गाणाऱ्या पक्ष्यांत मोडत नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे. फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गणात तो आहे, पण त्याचे कूळ गाणाऱ्या पक्ष्यांच्या शाखेपासून वेगळे झालेले आहे. दयाळ किंवा कस्तुराचे पिल्लू मोठ्यांचे ऐकून गाणे शिकते, नवरंगाच्या शाखेतील पक्ष्यांची शीळ मात्र सर्वसाधारणपणे उपजत असते. तरीही त्याला या नोंदींतून वगळायला आम्ही तिघेही तयार झालो नाही. ज्या पाचोळ्याने रानधोबी आणि कस्तूर दाखवला, त्याच पट्ट्यात तो उतरला होता.

1 जून 2025, रविवार

26 मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला आणि तेव्हापासून येथेही उघडीप कमी आहे. नवरंगाची बातमी आम्ही बाहेर दिली नव्हती आणि ई-बर्डची यादीही रोखून ठेवली होती, पण तो इतरांनाही दिसला असणार. आज ओढ्याकाठी सात-आठ छायाचित्रकार होते. त्यांतील एकाने लहान स्पीकरवर नवरंगाची शीळ लावली होती. पक्षी दोनदा उघड्यावर आला, चोच वर करून इकडेतिकडे पाहिले, पण त्या वेळात त्याने एकदाही अन्न टिपले नाही. ताईंनी त्यांच्याजवळ जाऊन शांतपणे सांगितले, “दादा, हा प्रवासात आहे. त्याला वाटतंय दुसरा नवरंग आलाय. त्याचा खायचा वेळ जातोय.” त्यांनी स्पीकर बंद केला. त्यांना खरोखरच हे माहीत नव्हते असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले, आणि नंतर ते आमच्याबरोबर अर्धा तास निमूट बसले. एकविसाव्या मिनिटाला पक्षी आपणहून बाहेर आला आणि त्यांना हवे होते तसे छायाचित्र मिळाले.

एरवीच्या सातपट गर्दीत आजची बैठक झाली असल्यामुळे ती तुलनेत धरलेली नाही.

15 जून 2025, रविवार

हंगामातील शेवटची नोंद. नवरंग गेल्या रविवारपासून नाही. ओढ्याकाठी कस्तूर मात्र गाऊ लागला आहे. आज त्याने सलग दहा मिनिटे गाताना मध्ये शिंप्याचा आणि बुलबुलाचा तुकडा घातला, आणि हरेव्याच्या अनुभवानंतर आम्ही प्रत्येक तुकड्यामागचा पक्षी डोळ्यांनी पाहूनच लिहिला.

तीस फेऱ्यांत आमच्या व्याख्येतील अनवट पक्ष्यांच्या चौदा नोंदी टिकल्या. त्यांपैकी नऊ जमिनीवरच्या किंवा जमिनीपासून एक मीटरच्या आतल्या आहेत आणि आठ एकट्या ओढ्याकाठच्या ठाण्यावरच्या. बांबूच्या बेटाने आम्हाला फक्त मिश्र थवे दिले. पुढील हंगामात ते ठाणे बदलायचे की तसेच ठेवायचे यावर एकमत झालेले नाही. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण कमी देणारे ठाणे सोडून दिले तर दोन हंगामांची तुलनाच उरणार नाही.

छोट्या बागेतील कोपऱ्यात अडीच महिन्यांत पाला साचून पट्टीने मोजता सात सेंटिमीटर झाला आहे. वरचा थर कोरडा-ओला असा मिश्र आहे, खालचा कुजून मऊ झाला आहे आणि त्यात वाळवी, गोम आणि गोगलगायी सापडल्या. अनवट पक्षी तेथे अजून आलेला नाही. मात्र दयाळाची जोडी आता फांदीवरून थेट त्या कोपऱ्यात उतरते आणि माझ्या 25 मिनिटांपैकी बराच वेळ तेथेच असते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून तेथील बैठका पुन्हा सुरू करायच्या आहेत. कोपरा चुकून झाडला जाऊ नये म्हणून माळीकाकांनी त्याच्या कडेने बांबूच्या काटक्या रोवून सुतळी बांधली आहे.